‘झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल’ म्हणण्याआधी श्वास मोजा

हळदीच्या मांडवात, कट्ट्यावर किंवा मंडळाच्या मागच्या खोलीत एखादं पोरगं आडवं पडलेलं असतं. मोठमोठ्यानं घोरत असतं. कुणीतरी अंगावर चादर टाकतं आणि म्हणतं, ‘झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल.’ दारूच्या बाबतीत हे वाक्य बहुतेक वेळा खपून जातं. अफूच्या कुळातल्या औषधांनी नशा केली असेल, तर याच वाक्यामुळे माणूस जातो. ही औषधं हृदयावर घाला घालत नाहीत, श्वास विझवतात. अंगात कार्बन डायऑक्साइड साठला की मेंदूच्या देठातलं श्वासाचं केंद्र आपल्याला श्वास घ्यायला भाग पाडतं. झोपेतही ते जागं असतं. अफू, मॉर्फीन, हेरॉइन, कोडीन, ट्रामाडॉल, फेंटॅनिल ही सगळी त्या केंद्राला गुंगवतात. मिनिटाला पंधराचे आठ होतात, आठाचे चार होतात आणि मग थांबतात. हे बराच वेळ चालतं, शेजारी माणसं बसलेली असतात, पण त्यांना ते घोरणं वाटतं.

अमेरिकेतल्या फेंटॅनिलच्या बातम्या आपल्याकडे येतात आणि ‘तिकडचं काहीतरी’ म्हणून पुढे ढकलल्या जातात. तिकडचा आकडा सांगायलाच हवा. २०२३ मध्ये अमेरिकेत ड्रग्जच्या अतिमात्रेनं सुमारे १ लाख ५ हजार माणसं मेली. त्यांतल्या सुमारे ७३ हजारांच्या शरीरात कारखान्यात बनलेली ओपिऑइड, म्हणजे अफूच्या कुळातली औषधं, होती, आणि त्यात मुख्य नाव फेंटॅनिलचं. २०२४ मध्ये एकूण मृत्यू ८० हजारांच्या आसपास उतरले. ही घट होण्यामागच्या कारणांत एक कारण असं की नालॉक्सोन नावाचा उतारा तिथे सामान्य माणसांच्या हातात पोहोचला. आपण शिकायचं ते यातूनच.

फेंटॅनिल मुळात वाईट औषध नाही. बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांनी ते १९६० च्या सुमाराला बनवलं आणि आजही शस्त्रक्रियेच्या टेबलावर त्याच्याइतकं भरवशाचं वेदनाशामक क्वचितच मिळतं. कोल्हापुरातल्या कुठल्याही बऱ्या ऑपरेशन थिएटरमध्ये त्याची २ मिलिलिटरची कुपी असते आणि तिच्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. मॉर्फीनपेक्षा ते सुमारे १०० पट आणि हेरॉइनपेक्षा सुमारे ५० पट तीव्र आहे. सवय नसलेल्या माणसाला २ मिलिग्रॅमसुद्धा प्राणघातक ठरू शकतं. मिठाचे मोजके दाणे धरा. थिएटरमध्ये भूलतज्ज्ञ डोक्याशी बसलेला असतो, श्वास थांबला तरी मशीन श्वास देतं, म्हणून तिथे ते सुरक्षित. रस्त्यावर ते बनावट गोळ्यांत मिसळलं जातं आणि कुणी घरच्या मिक्सरमध्ये पावडर फिरवून ते सारखं पसरवू शकत नाही. शिऱ्यात बेदाणे कसे एका घासात चार येतात आणि दुसऱ्यात एकही नाही, तसं होतं. एकाच पुडीतली एक गोळी रिकामी आणि दुसरी जीव घेणारी.

भारतात फेंटॅनिल अजून असं गल्लोगल्ली पसरलेलं नाही. पण त्याच कुळातली दुसरी औषधं आहेत. केंद्र सरकारनं एम्समार्फत केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख माणसं कुठलं ना कुठलं ओपिऑइड वापरत होती. शिरोलीच्या फाउंड्रीत साचे उचलणाऱ्याची, इचलकरंजीत मागावर रात्रपाळी करणाऱ्याची, उसाच्या फडात मोळ्या वाहणाऱ्याची पहिली गोळी बहुधा नशेसाठी नसते. अंगदुखीसाठी असते. ट्रामाडॉलनं दुखणं जातं, वर थोडी तरतरी येते, आणि महिन्याभरात गोळी नसेल तर अंग मोडून येतं, नाक वाहतं, पोट बिघडतं. त्याला वाटतं दुखणं परत आलं, म्हणून तो अजून एक गोळी घेतो.

एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याखाली आलं. तेव्हापासून त्याची जागा बऱ्याच ठिकाणी त्याच कुळातल्या टॅपेंटाडॉलनं घेतली. कोडीनच्या खोकल्याच्या औषधात साधारणपणे ५ मिलिलिटरला १० मिलिग्रॅम कोडीन असतं, म्हणजे १०० मिलिलिटरची बाटली एका दमात संपवणारा २०० मिलिग्रॅम कोडीन आणि सोबत झोप आणणारं सर्दीचं औषध पितो. वरून नायट्राझेपाम किंवा अल्प्राझोलामची गोळी आणि क्वार्टर. मरण बहुतेक वेळा या मिश्रणात असतं. एकट्या कोडीननं जो श्वास मिनिटाला दहावर आला असता, तो तिघं मिळून चारावर आणतात, कारण दारू आणि झोपेच्या गोळ्या त्याच केंद्राला वेगळ्या बाजूनं दाबतात.

एका गोष्टीकडे फार दुर्लक्ष होतं. मेडिकलमध्ये सर्रास मिळणाऱ्या ट्रामाडॉलच्या गोळीत बहुधा ३७.५ मिलिग्रॅम ट्रामाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. नशेसाठी २० गोळ्या घेणारा ७५० मिलिग्रॅम ट्रामाडॉल घेतो, दिवसाची कमाल मर्यादा ४०० असताना. त्याला फिट येऊ शकते. शिवाय साडेसहा ग्रॅम पॅरासिटामॉल पोटात जातं. दुसऱ्या दिवशी तो उठतो, जेवतो, सगळे निःश्वास टाकतात. लिव्हरची इजा दोन-तीन दिवसांनी डोळ्यांच्या पिवळेपणातून दिसते. तिच्यावरचा उतारा, अॅसिटिलसिस्टीन, पहिल्या ८ तासांत सुरू झाला तर उत्तम काम करतो. म्हणून पोरगं उठून बसलं तरी त्याला दवाखान्यात न्यायचं आणि रिकामी स्ट्रिप खिशात घालून न्यायची. स्ट्रिपवरचं नाव वाचून डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो.

जिममध्ये फिरणारं मेफेंटरमाइनचं इंजेक्शन आणि एमडी (मेफेड्रोन) हे वेगळं प्रकरण आहे. ती उत्तेजक आहेत. बाहुल्या मोठ्या होतात, छाती धडधडते, अंग तापतं, माणूस बडबडतो, भांडतो. इथे नालॉक्सोनचा काही उपयोग नाही. त्याला गर्दीतून बाजूला, गार जागी न्यायचं, कपडे सैल करायचे, अंगावर ओलं फडकं फिरवायचं, दाबून धरायचं नाही आणि लगेच दवाखाना. अफूच्या कुळात चित्र नेमकं उलटं असतं: बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अंग गार आणि ढिलं, आवाज बंद.

आता मुख्य भाग. हा नीट वाचा, जमलं तर घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.

पडलेल्या माणसाला नावानं मोठ्यानं हाक मारा. खांदे हलवा. उठला नाही तर मूठ वळा आणि मुठीच्या पेरांनी छातीच्या मधल्या हाडावर जोरात रगडा, पाच-सात सेकंद. झोपलेला किंवा दारू प्यालेला माणूस यानं कण्हतो, हात झटकतो, शिव्या देतो. काहीच झालं नाही, तर ती झोप नाही. मग छातीकडे आणि पोटाकडे बघत मोबाईलवर ३० सेकंद लावा, श्वास मोजा आणि दुप्पट करा. १२ च्या खाली आले तर सावध, ८ किंवा कमी असतील तर जिवाला धोका आहे. घशातून घरघर, बुडबुड्यांसारखा आवाज किंवा मधूनच एखादा आचका येत असेल, तर तो श्वास धरायचा नाही. सावळ्या माणसाचे ओठ निळे पडलेले चटकन कळत नाहीत. खालचा ओठ उलटा करून आतली बाजू बघा, नखं बघा. राखेसारखा रंग दिसेल.

१०८ लावा. फोन स्पीकरवर ठेवा, म्हणजे हात मोकळे राहतील. ‘पोरगं चक्कर येऊन पडलंय’ असं सांगू नका. ‘नशेच्या गोळ्या घेतल्यात, उठत नाही, श्वास मिनिटाला इतके’ एवढं सांगा. पोलिसांच्या भीतीनं खोटं सांगितलं, तर येणारी माणसं साखर आणि बीपी बघत बसतात.

गाडी येईपर्यंत श्वास तुम्ही द्यायचा. मेंदूला चार-पाच मिनिटं ऑक्सिजन मिळाला नाही की इजा सुरू होते, आणि राजारामपुरीतसुद्धा गाडी चार मिनिटांत दारात येत नाही. गगनबावड्याहून कोल्हापूर तर ५५ किलोमीटर. माणसाला पाठीवर सपाट झोपवा. डोक्याखालची उशी काढा, कारण उशीनं हनुवटी छातीला टेकते आणि नळी बंद होते. तोंड उघडून आत बघा. आपल्याकडे हे विशेष करून सांगावं लागतं: गालात मावा, गुटखा किंवा तंबाखूची चिमूट असते. बोटाला रुमाल गुंडाळून दिसेल तेवढं काढा, न बघता बोट खोल घालू नका. एक हात कपाळावर, दुसऱ्या हाताची दोन बोटं हनुवटीच्या हाडाखाली, आणि डोकं मागे. कित्येकदा एवढ्यानंच जीभ मागून सुटते आणि एक मोठा श्वास येतो.

आला नाही तर नाक चिमटीत धरा, तोंडावर तोंड घट्ट लावा किंवा पॉकेट मास्क असेल तर तो लावा आणि एक सेकंदभर फुंका. छाती वर आली पाहिजे. आधी दोन श्वास. मग दर ५ सेकंदांनी एक. मनात ‘एक, दोन, तीन, चार, फुंक’ असं म्हणायचं. छाती वर येत नसेल तर डोकं पुरेसं मागे नाही, नाक नीट बंद नाही किंवा आत काही अडकलंय. पोट फुगत असेल तर तुम्ही फार जोरात फुंकताय. घाईत सगळे भराभर फुंकतात, हवा पोटात जाते, उलटी होते आणि ती फुफ्फुसात उतरते. सावकाश फुंका, पण थांबू नका. गाडी येईपर्यंत वीस मिनिटं लागली तर वीस मिनिटं. दोघं असाल तर आळीपाळीनं.

मानेची नाडी शोधण्यात १० सेकंदांपेक्षा जास्त घालवू नका. नाडी नाही किंवा खात्री नाही, तर छाती दाबायला लागा: छातीच्या मध्यावर, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, दर ३० दाबांनंतर २ श्वास. याला इंग्रजीत सीपीआर म्हणतात आणि कोल्हापुरात यानं खरोखर घोटाळा होतो. आपल्याकडे सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. फोनवर कुणी ‘लगेच सीपीआर द्या’ म्हणालं की माणसं पेशंटला उचलून रिक्षात घालतात आणि भाऊसिंगजी रोडला निघतात. रिक्षाच्या मागच्या सीटवर मान वाकलेली, श्वास द्यायला जागा नाही, आणि मधे सिग्नल. म्हणून आपल्या गटात ‘छाती दाबणं’ आणि ‘श्वास देणं’ हेच शब्द वापरा.

स्वतःहून श्वास घ्यायला लागला की कुशीवर वळवा, वरचा गुडघा वाकवून पुढे, हात गालाखाली, तोंड किंचित खाली. उलटी बाहेर पडेल. त्याला एकटं सोडू नका.

काय करायचं नाही तेही सांगतो, कारण हे सगळं भल्या हेतूनं केलं जातं. तोंडावर गार पाण्याची बादली ओतणं, लिंबूपाणी किंवा ताक पाजणं, मिठाचं पाणी देऊन उलटी काढणं, दोघांनी धरून चालवणं, काळी कॉफी. बेशुद्ध माणसाला काहीही पाजलं तर ते फुफ्फुसात जातं. ताकानं दारूही उतरत नाही, ट्रामाडॉल तर नाहीच. ट्रामाडॉलनं फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका. आजूबाजूच्या टोकदार वस्तू सरकवा, डोक्याखाली घडी केलेला शर्ट ठेवा, झटके थांबले की कुशीवर वळवा आणि श्वास मोजा. आणि अंगावर पावडर सांडलेली दिसली म्हणून हात लावायला घाबरू नका. फेंटॅनिलची पावडर नुसती हाताला लागल्यानं मदत करणारा बेशुद्ध पडत नाही. अमेरिकेतल्या विषविज्ञान तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. हातमोजे घाला, नंतर साबणानं हात धुवा, सॅनिटायझर चोळू नका. पण हातमोजे नाहीत म्हणून थांबू नका.

नालॉक्सोन हा या कुळाचा नेमका उतारा. ते मेंदूतल्या त्याच कुलपांत जाऊन बसतं आणि ओपिऑइडला बाहेर ढकलतं. नशा होत नाही, सवय लागत नाही, आणि ओपिऑइड घेतलेलं नसेल तर फरकही पडत नाही, अपायही नाही. आपल्याकडे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनं मिळतं, बहुधा १ मिलिलिटरच्या कुपीत ०.४ मिलिग्रॅम. घरात ओपिऑइडच्या विळख्यातला माणूस असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना स्पष्ट विचारा: नालॉक्सोन लिहून द्याल का, आणि टोचायला शिकवाल का? शिकलेल्या माणसानं ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, सुई सरळ ९० अंशांत धरून स्नायूत द्यायचं. पँटवरूनही चालतं. दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरी कुपी. मधल्या वेळात फुंकणं चालूच.

इथे दोन चुका होतात. पहिली, माणूस पूर्ण जागा व्हावा म्हणून कुप्यांवर कुप्या देणं. लक्ष्य श्वास आहे, जाग नाही. जास्त दिलं की तो उलट्या करत, घाम फुटत, चिडून उठतो आणि पळून जातो. दुसरी चूक जास्त घातक आहे. नालॉक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटं टिकतो, गोळीचा कितीतरी जास्त. माणूस उठला, ‘मी बरा आहे’ म्हणाला, घरी गेला, झोपला, आणि तासाभरानं श्वास पुन्हा मंदावला. म्हणून उठल्यावरही दवाखाना, आणि तिथे काही तास देखरेख. झोपेच्या गोळ्यांवर आणि दारूवर नालॉक्सोन चालत नाही. श्वास देणं मात्र सगळ्यांवर चालतं, म्हणूनच ते आधी शिका.

कोल्हापुरातल्या घरांत खरं फेंटॅनिल येतं ते वेगळ्याच वाटेनं, कॅन्सरच्या पेशंटच्या अंगावरच्या पट्टीतून. याबद्दल फारसं कुणी समजावून सांगत नाही, म्हणून थोडं थांबतो. ही पट्टी त्वचेतून तासाला १२, २५, ५० किंवा १०० मायक्रोग्रॅम औषध सोडते आणि ७२ तासांनी बदलायची असते. लावल्यावर पुरता असर यायला १२ ते २४ तास लागतात. पहिल्या रात्री दुखणं थांबलं नाही म्हणून घरचे दुसरी पट्टी लावतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्हींचा असर एकदम चढतो. पहिल्या रात्रीसाठी डॉक्टरांकडून तोंडाची गोळी लिहून घ्यावी.

उष्णता हा दुसरा धोका. कंबर दुखते म्हणून गरम पाण्याच्या पिशवीचा शेक देणं आपल्या हाताला इतकं सवयीचं आहे की पट्टी कुठे आहे हे बघितलंच जात नाही. उष्णतेनं औषध भराभर उतरतं. शेक, गरम घोंगडी, कडकडीत पाण्याची अंघोळ, पट्टीवर थेट ऊन, हे सगळं टाळायचं. १०२ ताप आला तरी तोच परिणाम होतो, तेव्हा ताप उतरवा आणि डॉक्टरांना कळवा. पट्टी कापायची नाही. काढल्यावरही त्वचेखाली साठा उरतो आणि निम्मं औषध ओसरायला १७ तास किंवा त्याहूनही जास्त लागतात. त्यामुळे पेशंट गुंगला म्हणून पट्टी काढली आणि निश्चिंत झालो, असं चालत नाही. दिवसभर श्वास मोजत राहावं लागतं.

काढलेली पट्टी रिकामी नसते. गणित साधं आहे. एका प्रचलित बनावटीत २५ मायक्रोग्रॅमच्या पट्टीत ४.२ मिलिग्रॅम औषध असतं. ७२ तासांत १.८ मिलिग्रॅम अंगात जातं. निम्म्याहून जास्त तिच्यातच राहतं. ती डस्टबिनमध्ये टाकली आणि रांगत्या नातवानं स्टिकर समजून दंडाला चिकटवली किंवा तोंडात घातली, तर काय होईल ते सांगायला नको. चिकट बाजू आत येईल अशी घडी घाला, कुलूपबंद डब्यात ठेवा आणि ज्या रुग्णालयानं पट्ट्या दिल्या तिथेच परत करा. पेशंट गेल्यावर उरलेल्या नव्या पट्ट्याही तशाच. परत करणं शक्यच नसेल तर घडी घालून संडासात टाकून पाणी सोडा. एरवी औषधं नाल्यात सोडू नयेत, पण इथे लहान मुलाचा जीव मोठा. आणि उरलेली पट्टी पाठदुखीसाठी शेजारच्या काकूंना मुळीच देऊ नका. रोज किमान ६० मिलिग्रॅम तोंडी मॉर्फीन पचवणाऱ्या शरीरासाठी ती बनलेली आहे.

पण एवढं वाचून पेशंटची पट्टी काढून टाकायची नाही. कॅन्सरच्या वेदना सहन करत मरणं हा आपल्याकडचा जुना अन्याय आहे. २०१४ च्या कायदादुरुस्तीनं मॉर्फीन, फेंटॅनिल यांसारखी औषधं मान्यताप्राप्त रुग्णालयांना ठेवणं सोपं केलं, ते याच लोकांसाठी.

रुग्णालयांसाठीही एक शब्द. जगभर फेंटॅनिलच्या आहारी जाणाऱ्यांत भूलतज्ज्ञ, थिएटरमधले मदतनीस आणि नर्सिंग स्टाफ आहेत. दुहेरी कुलूप, दोन सह्या, रिकाम्या कुप्या मोजून परत, आणि अर्धी उरलेली कुपी दुसऱ्यासमोर ओतणं, हे चार नियम कागदावर असतात आणि रात्रपाळीत गळतात. रजेवर जायला नकार देणारा, दुसऱ्यांची ड्यूटी आनंदानं घेणारा, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा माणूस दिसला तर चौकशी मायेनं करा, पण करा.

घरी संशय आला की आईवडील ऑनलाइन लघवी तपासणीचं किट मागवतात. त्यातली ‘ओपिएट’ची पट्टी मॉर्फीन, कोडीन आणि हेरॉइन पकडते. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटॅनिल ती पकडत नाही, त्यांना वेगळ्या पट्ट्या लागतात. ‘निगेटिव्ह’ आलं म्हणून गाफील राहू नका. उलटही होतं. आपल्या मटणाच्या वाटणात खसखस भरपूर पडते, आणि खसखस म्हणजे अफूच्याच बोंडातलं बी. जुलाब थांबवायला देतात त्या ओफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिक गोळीनंही पट्टी खोटी ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. रविवारी तांबडा-पांढरा हाणून सोमवारी आलेल्या रेघेवरून पोराला मारू नका. खरा निकाल प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या तपासणीनं लागतो. त्याहून भरवशाची खूण म्हणजे रोजचं वागणं: अर्धवट उजेडातही बारीक बाहुल्या, सारखं नाक-अंग खाजवणं, आठ-आठ दिवस पोट साफ नसणं, बसल्या जागी मान टाकणं.

उपचाराबाबत माझं मत ठाम आहे. ‘तीन महिने केंद्रात टाकू, सुधारून येईल’ हा सर्वांत लोकप्रिय आणि ओपिऑइडसाठी सर्वांत धोक्याचा मार्ग आहे. तीन महिन्यांत शरीराची सवय मोडते, ओढ मोडत नाही. बाहेर आल्यावर पोरगं जुनी मात्रा घेतं आणि आता तीच अतिमात्रा ठरते. केंद्रातून किंवा कळंब्याच्या कारागृहातून सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे सर्वांत घातक. त्या दिवसांत घरच्यांनी टोमणे मारायचे नसतात, त्याला एकटं झोपू द्यायचं नसतं, आणि ‘चुकून घेतलंस तर पूर्वीएवढं नको, एकटा नको, मला फोन कर’ हे स्पष्ट बोलायचं असतं. हे बोलणं म्हणजे मोकळीक देणं नव्हे. मेलेला मुलगा व्यसन सोडू शकत नाही.

कामी येणारा उपचार म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन. डॉक्टरांच्या देखरेखीखाली जिभेखाली ठेवायची गोळी, बहुधा नालॉक्सोनसह. ती ओढ शमवते, श्वास फारसा दाबत नाही, आणि अनेकांना वर्षभर किंवा त्याहून जास्त लागते. शेवटच्या नशेनंतर अंग मोडायला लागल्यावरच, साधारण १२ तासांनी, पहिली गोळी देतात. घाई केली तर एकदम तीव्र त्रास होतो आणि माणूस उपचारावरच रुसतो. ‘एक नशा सोडून दुसरी’ असं म्हणणाऱ्यांनी मधुमेहाच्या गोळ्यांचा विचार करावा. पंढरीची माळ घालून सावरलेली माणसं आपल्याकडे आहेत, त्या आधाराला मी कमी लेखत नाही. माळही घालावी, गोळीही घ्यावी. घरात कोंडून सोडवायचा प्रयत्न मात्र करू नका. अफूचा त्रास आठ-दहा दिवसांत सरतो, पण सोबत रोजची दारू किंवा अल्प्राझोलाम असेल तर ते एकदम तोडल्यानं फिट येऊन जीव जाऊ शकतो.

सुरुवात सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातून करता येते. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १४४१६ ही टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. खासगी केंद्र निवडताना राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का ते बघा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीनं बांधणं बेकायदा ठरवलं आहे. ‘आम्ही बांधून ठेवतो, काळजी करू नका’ म्हणणाऱ्या केंद्राच्या पायरीवरूनच परत फिरा. पोलिसांची भीती सगळ्यांना असते. विषबाधेची नोंद रुग्णालय करतं, पण त्यासाठी उपचार थांबत नाहीत. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४ अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून उपचार घेतो, तेव्हा त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेतलं जातं. चिठ्ठीशिवाय गोळ्या विकणाऱ्याची माहिती १९३३ या अमली पदार्थविरोधी हेल्पलाइनवर नाव न सांगता देता येते.

राहिला प्रश्न हे सगळं करणार कोण. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तालमींची, मंडळांची पोरं कुणाची वाट न बघता पाण्यात उतरली. तीच जोडणी इथे लागते. प्रत्येक तालमीतल्या सहा-सात जणांनी दोन तास पुतळ्यावर श्वास द्यायला शिकावं आणि दर सहा महिन्यांनी उजळणी करावी, कारण हाताची सवय विसरते. तालमीच्या कपाटात एक पॉकेट मास्क, हातमोजे, टॉर्च आणि कोविडच्या वेळचा पल्स ऑक्सिमीटर ठेवावा. ऑक्सिमीटरवर डोळे झाकून विसंबू नका. गार बोट, नखावरची मेंदी यांनी आकडा चुकतो, आणि श्वास मंदावल्यानंतर आकडा पडायला वेळ लागतो. आधी छाती बघा.

विसर्जनाच्या रात्री मिरजकर तिकटीपासून महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेशपर्यंत गाडी आत येऊच शकत नाही आणि साउंडपुढे हाक ऐकू जात नाही. त्या रात्री मंडळाची दोन माणसं पूर्ण शुद्धीत ठेवा. पडलेल्याला साउंडपासून लांब बोळात न्यायचं, एकानं श्वास द्यायचा, दुसऱ्यानं स्ट्रेचरसाठी चौघं गोळा करायचे आणि गाडी कुठल्या तोंडाला उभी राहील ते आधीच ठरलेलं असावं. आणि कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवा: तालमीचा पूर्ण पत्ता, जवळची खूण, गाडी वळेल अशी गल्ली. फोनवर घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या पेठेचं नावसुद्धा आठवत नाही.